हात पोचेल एवढी दांडी

नरडाण्याला नदी नाही. स्टेशन आहे, महामार्ग आहे, एमआयडीसी आहे, कापसाची आणि मक्याची शिवारं आहेत. पण पाण्याजवळ जायचं तर गाव सोडावं लागतं. महामार्गाने उत्तरेला निघालं की सावळद्याच्या पुलाखाली तापी भेटते. मुडावदला कपिलेश्वराच्या मंदिरापाशी पांझरा तिला येऊन मिळते. शिंदखेड्याची बुराई आहे, पण वर्षातले बरेच महिने ती वाळूच दाखवते. त्यामुळे आमच्याकडच्या गळवेड्या माणसाची दांडी आधी प्रवास करते आणि मग पाणी पाहते. नदीकाठच्या गावातलं पोरगं घरामागचा बांबू उचलतं आणि चालू लागतं. आम्हाला ती मोटारसायकलवर, एसटीत, नाहीतर भुसावळ-सुरत पॅसेंजरच्या सामानाच्या फळीवर न्यावी लागते. दांडी किती लांब असावी, हा प्रश्न नरडाण्याच्या माणसाला पाण्यावर पोचण्याच्या आधीच पडतो.

बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: जितकी लांब तितकी चांगली. दुकानात सहा फुटांपासून बारा फुटांपर्यंतचे रॉड उभे असतात आणि नवखा हात आपोआप उंच रॉडकडे जातो. लांब दांडी म्हणजे लांब फेक, लांब फेक म्हणजे मोठा मासा, असा तो हिशेब. काठावर उभं राहणाऱ्याच्या बाबतीत तो पुष्कळसा खराही आहे. तापीचे काठ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे सांगायला नको. मऊ पोयट्याच्या मातीत नदीने खोल पात्र कोरलंय, दोन्ही बाजूंना उभे कडे आणि घळी आहेत. अशा काठावरून दोर पाण्यावर न्यायचा, मध्ये आलेल्या बाभळीच्या झुडपांवरून तो उचलून धरायचा आणि अडकलेला मासा दगडांपासून दूर ठेवायचा, तर दहा फूटसुद्धा कमी वाटतात. तापीपलीकडे शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांच्या आराखड्यातून रुंद आणि खोल केलेले नाले आहेत. त्यांच्या उभ्या कडांवर बसणाऱ्यालाही लांब काठीच सोयीची.

शिवाय आपल्या हाडात मुरलेली दांडी बांबूची आहे. सातपुड्यातून येणारा भरीव मानवेल बांबू, बुडाला मनगटाएवढा आणि शेंड्याला करंगळीएवढा. शेंड्याला तंगूस बांधलेला, त्याला तरंगतं बोंड, त्याखाली गळ आणि गांडूळ. या दांडीला रीळ नसतं, आणि सगळी गोष्ट इथेच आहे. दोर शेंड्याला बांधलेला असला की दांडीची लांबी हीच माणसाची पोच. दहा फुटांचा बांबू आणि दहा फुटांचा दोर, एवढंच त्याचं राज्य. पुढच्या डोहात मासा उडी मारताना दिसला तरी तो आपला नाही. म्हणून बापजाद्यांनी शक्य तेवढा लांब बांबू निवडला, आणि ते बरोबरच होतं. इंग्लंडमध्ये आयझॅक वॉल्टनने 1653 साली ‘द कम्प्लीट अँग्लर’ लिहिलं, त्या काळी तिथेही पंधरा-अठरा फुटांच्या काठ्या सर्रास वापरल्या जात. कारण तेच: दोर शेंड्यालाच बांधलेला असे.

रीळ आलं आणि पोच दांडीतून निघून चरख्यात गेली. शंभर मीटर दोर हातातल्या यंत्रात गुंडाळलेला असताना दांडीने लांब असण्याची सक्ती उरली नाही. अमेरिकेत ब्लॅक बास नावाच्या माशाच्या मागे लागलेल्या लोकांना हे लवकर उमगलं. जेम्स हेन्शॉल या डॉक्टरने 1881 साली ‘बुक ऑफ द ब्लॅक बास’ लिहिलं आणि सव्वाआठ फुटांच्या हलक्या दांडीचा हिरिरीने पुरस्कार केला. त्या वेळच्या लांब काठ्यांपुढे ती आखूडच होती. पुढे ती आणखी आखूड होत सहा-सात फुटांवर आली. मधूनच गाडी उलटीही फिरली: 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियाचा डी थॉमस बारा फुटांच्या दांडीने दाट लव्हाळ्यांत अगदी जवळ गळ सोडून स्पर्धा जिंकू लागला, तेव्हा बासच्या स्पर्धांत दांडीवर आठ फुटांची मर्यादा घालण्यात आली. त्यावर त्याने साडेसात फुटांची दांडी घेतली आणि त्याच पद्धतीने मासे काढत राहिला. या सगळ्या इतिहासातून मला एकच धागा महत्त्वाचा वाटतो. माणूस कुठे उभा आहे किंवा बसला आहे, यावरून दांडीची लांबी ठरत गेली. मासा तोच होता.

आपल्याकडे बास नाही. पण त्याच स्वभावाचा, किंबहुना त्याच्याहून चिवट मासा आपल्या पाण्यात आहे. मरळ. सुलवाड्याच्या बॅरेजमुळे तापीत जे थोपलेलं पाणी असतं, त्याच्या कडेला पाणकणीस आणि जलपर्णी दाटते, आणि तिथे मरळ दबा धरून बसते. बासही असाच बसतो. मरळीला हवेतून श्वास घेता येतो; दर थोड्या वेळाने ती वर येऊन हवा गिळते आणि पाण्यावर एक गोल वलय उमटतं. ते वलय ओळखणारा डोळा असला की अर्धं काम झालं. रबराचा बेडूक त्या वलयाच्या थोडा पलीकडे टाकायचा आणि झाडोऱ्यावरून उड्या मारत आणायचा. मरळ त्याच्यावर येते तेव्हा पाणी फुटल्यासारखा आवाज होतो. बासची दांडी आणि मरळीची दांडी यांत मला काही फरक दिसत नाही. आज आपल्याकडे मरळीसाठी जी हत्यारं विकली जातात त्यांतली बरीचशी मुळात बाससाठीच घडवलेली आहेत.

काठावरून मात्र ही वलयं बहुधा हाताबाहेरच असतात, म्हणून माणूस होडीत बसतो. तापीवर भोई आणि कोळी मंडळींच्या लाकडी आणि पत्र्याच्या लहान होड्या आहेत. काही जण थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी लावतात. हल्ली बाहेरून येणारे कोणी हवा भरायची होडी किंवा कनू घेऊन येतात. अरुंद, हलकी, दोन्ही टोकांना निमुळती, एका वल्ह्याने चालणारी. लाकूड, पत्रा, फायबर, रबर काहीही असो, या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. माणूस पाण्यापासून जेमतेम हातभर उंचीवर बसलेला असतो आणि त्याला उभं राहता येत नाही. काठावरच्या माणसाने दांडीविषयी जे जे शिकलेलं असतं, ते इथे बसल्याबरोबर बदलतं.

आता मासा लागल्यानंतरचं बघू, कारण लांबीचा खरा निकाल तिथे लागतो.

मरळ लागली की पहिली झेप झाडोऱ्याकडे. ती रोखली की ती उलटते आणि होडीखाली घुसते. काठावर असं संकट येत नाही. तिथे मासा आपल्या पायाखालून पलीकडे जाऊ शकत नाही. होडीत तो जातो, आणि दोर होडीच्या तळाला घासायला लागतो. पत्र्याच्या कडेवर ताणलेला दोर एका क्षणात तुटतो. अशा वेळी दांडीचं टोक सरळ पाण्यात खुपसायचं आणि होडीच्या पुढच्या टोकाला वळसा घालून दोर दुसऱ्या बाजूला काढायचा. आता बसल्या जागेवरून होडीच्या टोकापर्यंत पाच-सहा फूट अंतर आहे. पुढे झुकलेला हात दोन फूट देतो, पण वाकलेली दांडी आपल्या लांबीतलं बरंच काही खाते. साडेपाच-सहा फुटांची दांडी इथे कमी पडते. सात फुटांची पुरते. आखूड दांडीच्या विरोधात माझ्याकडे असलेला सगळ्यात मोठा पुरावा हाच आहे.

मग आठ-नऊ फुटांची का नको? वळसा आणखी सहज पडेल की.

सुलवाड्याकडच्या पाण्यावर जाळी टाकण्यात आयुष्य घालवलेले एक आबा आहेत. माझ्या हातातली लांब दांडी त्यांनी निरखून पाहिली आणि एवढंच विचारलं, “लांब काठी लिसनी काय करशी भाऊ? मासा हातमा कसा येई?” ते स्वतः दांडी वापरत नाहीत. पण होडीत बसून मासा हाती घेणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं मला माहीत नव्हतं, आणि प्रश्न नेमका तिथेच लागला.

मासा हातात येण्यासाठी दांडीच्या टोकापासून माशापर्यंतचा दोर साधारण दांडीएवढाच उरायला हवा. सात फुटांची दांडी असेल तर सात फूट दोर. दांडी उचलून खांद्याच्या मागे किंचित कलती केली की मासा होडीच्या कडेला, बसल्या माणसाच्या मोकळ्या हाताशी येतो. नऊ फुटांच्या दांडीला नऊ फूट दोर ठेवला तर तोच मासा दोन फूट दूर घुटमळतो. त्याला जवळ आणायला दोन मार्ग असतात आणि दोन्ही वाईट. एक, दोर आणखी गुंडाळून दांडी डोक्यावरून मागे न्यायची. कार्बनची दांडी अशा वेळी टोकापाशी उभी दुमडते आणि काडकन मोडते. या दांड्या मोठ्या माशाच्या झेपेने मोडत नाहीत तेवढ्या मासा होडीपाशी आल्यावर मोडतात. दुसरा मार्ग म्हणजे आपणच माशाकडे झुकायचं. दांडीचा हात मागे, मोकळा हात पुढे, अंगाचा भार होडीच्या एका कडेवर, आणि त्याच क्षणी मरळ शेवटचा झटका देते. लहान होडी अशीच कलंडते. पाणी खोल असो की कमरेएवढं, खाली पाणकणसाचा गाळ असतो आणि त्यात पाय धरून ठेवायची ताकद असते.

मागची मूठ हा या गणिताचा दुसरा भाग आहे आणि दुकानात त्याकडे कोणी पाहत नाही. लांब दांडीला मूठही लांब असते. उभ्या माणसाला ती बगलेत दाबून जोर लावायला बरी. बसलेल्या माणसाला तीच मूठ लाईफ जॅकेटमध्ये अडकते, मांडीवर आपटते, फेकताना होडीच्या फळीला लागते. रीळ धरलेल्या जागेपासून मागचं टोक कोपराच्या जरा आतच संपावं, एवढी मूठ मला होडीत योग्य वाटते. दोन दांड्या सारख्याच सात फुटांच्या असल्या तरी मुठीच्या लांबीमुळे एक होडीसाठी चालते आणि दुसरी चालत नाही.

जोराचाही विचार करायला हवा. दांडी जितकी लांब, तितकी माशाला आपल्या मनगटावर जास्त तरफ मिळते. काठावर आपण दोन्ही पाय रोवून ते पेलतो. होडीत पाय रोवायला जमीनच नसते. मासा ओढतो तशी होडीही ओढली जाते. याचा एक फायदा आहे, होडीच चालती होऊन माशाचा दम काढते आणि दोर वाचतो. पण झाडोऱ्यातून मरळ उपसून काढायची वेळ आली की छातीपाशी घट्ट धरता येणारी, बुडाशी कणखर आणि टोकाला चपळ दांडीच कामाला येते. मरळीचा जबडा हाडाचा, कठीण असतो, गळ त्यात रुतवायला झटका लागतो. बसून दिलेला झटका उभ्या माणसाच्या झटक्याच्या निम्माही नसतो, म्हणून सहा फुटांच्या खाली जाऊ नये असं मला वाटतं. झटक्यात दोर जितका जास्त उचलला जाईल तितका बरा, आणि तो दांडीची लांबीच उचलते.

वाऱ्याबद्दल थोडं. धुळे जिल्ह्यात साक्रीच्या पठारावर, ब्राह्मणवेल-छडवेल भागात पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या उगाच नाही. उन्हाळ्यात दुपार कलली की पश्चिमेचा वारा तापीच्या पात्रातून सरळ वर येतो. लांब दांडीची उंच फेक तो भलतीकडेच उडवतो. अशा वेळी बसल्या बसल्या, पाण्यालगत, मनगटाच्या एका फटकाऱ्याने गळ सोडावा लागतो, आणि टोक पाण्याला न लागता असा फटकारा सात फुटांपर्यंतच मारता येतो. होडीत दोघं असतील तर आडवी फेक करूच नये. मागे बसलेल्याच्या तोंडासमोरून तिहेरी गळ जातो.

आणि विजेच्या तारा. नदी ओलांडणाऱ्या तारांखाली दांडी उभी धरू नका. कार्बनमधून वीज वाहते. जूनच्या पहिल्या पावसाआधी आभाळ गडगडायला लागलं की होडीतली उभी दांडी म्हणजे सगळ्या पात्रातलं सगळ्यात उंच टोक. तेव्हा दांडी आडवी ठेवायची आणि काठ गाठायचा, दुसरा विचार करायचा नाही.

आता पुन्हा नरडाणा स्टेशन. तापी खोऱ्यातली ही रेल्वे 1900 च्या सुमारास आली. नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, बेटावद, अमळनेर अशी गावं तिने एका सुतात ओवली आणि तापीला जवळजवळ समांतर ती धावते. या गाडीत सात फुटांची अखंड दांडी घेऊन चढणं शक्य आहे, पण ती दारात अडते, पंख्याला लागते, शेजारच्याच्या टोपलीत घुसते. दोन सारख्या तुकड्यांची दांडी साडेतीन फुटांची होते. फळीवर राहते, मोटारसायकलला बांधता येते, एसटीत दोन गुडघ्यांमध्ये उभी धरता येते. जाणते लोक सांगतात की जोडाच्या जागी दांडीचा जीव थोडा मरतो. पूर्वी पितळी जोड असताना तो फरक मोठा होता. आता एक तुकडा दुसऱ्यात बसणारा कार्बनचा जोड असतो, आणि मला तरी मरळीच्या कामात त्याने काही बिघडलेलं दिसलं नाही. दुर्बिणीसारखी एकात एक सरकणारी दांडी मात्र या कामाला घेऊ नये; तिचे जोड अनेक, आणि वाळूचे कण एकदा आत गेले की ती हातात दगा देते.

लोक दांडी फेकीवरून निवडतात. मला वाटतं, होडीसाठी ती शेवटच्या तीन फुटांवरून निवडावी. होडी आपल्याला माशाजवळ घेऊन जाते, तेव्हा लांब फेकीचं काम तिने आधीच केलेलं असतं. दांडीने उरलेलं काम करायचं आहे: झाडोऱ्यावर दोर उचलून धरणं, होडीच्या टोकाला वळसा घालणं, आणि मासा हाताशी आणून देणं. पहिली दोन कामं लांबी मागतात, तिसरं आखूडपणा मागतं. तिन्हींना पुरेल अशी जागा साडेसहा आणि सात फुटांच्या मधे आहे. लहान होडीत दुसरी दांडी ठेवायला जागा नसते, पायाशी वल्हं आणि हातजाळं असतं, म्हणून एकीनेच सगळं भागवायचं आहे. शिंगाडा असो, रोहू असो, तिलापिया असो, याच दांडीवर यावा. ती प्रत्येकासाठी उत्तम नसेल, पण प्रत्येकासाठी पुरेशी असते, आणि होडीत पुरेशी असणं हाच मोठा गुण आहे. उंचीने कमी असलेल्या माणसाने किंवा पोरांनी साडेसहा घ्यावी. बाकीच्यांनी सात.

एक विनंती मात्र करायची आहे. पावसाळ्यात कडेच्या उथळ पाण्यात मरळीच्या लालसर पिलांचा थवा दिसतो, आणि नर-मादी दोघंही त्याखाली राखण करत असतात. त्या वेळी ती भुकेपेक्षा रागाने गळावर येतात, म्हणून लागायला फार सोपी असतात. तिथे गळ टाकू नका. आई-बाप उचलले की थवा इतर माशांच्या तोंडी जातो. आपल्या बॅरेजच्या पाण्यावर मासेमारीचे हक्क सहकारी संस्थांकडे असतात आणि कित्येक घरांची चूल त्यावर पेटते; आधी त्यांना विचारूनच होडी पाण्यात घालावी.

आणि दांडी घ्यायला दुकानात जाल तेव्हा उभं राहून ती हवेत फटकारून पाहू नका. दुकानदाराला सांगून खाली फरशीवर बसा, पाय पुढे पसरा, अंगात जाडसर जॅकेट असू द्या. दांडी जोडून तिच्या टोकाला तिच्याच लांबीचा दोर बांधा, दोराच्या टोकाला किल्ल्यांचा जुडगा. मग एका हाताने दांडी उचला आणि जागचं न हलता दुसऱ्या हाताने तो जुडगा धरून पाहा. पोटाला पीळ न पडता तो हातात आला, तर ती दांडी तुमच्या होडीची.

माझ्या बाबतीत तो सात फुटांवर आला. साडेसातवर आला नाही.